३५ साइट्स रिसेलरवरून स्वतःच्या व्हीपीएसवर: कंट्रोल पॅनल कोणतं घ्यावं आणि आधी काय शिकावं?

नदीकाठ

नमस्कार. आमच्या छोट्या वेब एजन्सीकडे ३५ साइट्स आहेत: शाळा, पतसंस्था, दोन साप्ताहिकं आणि पुस्तकं व दिवाळी अंक विकणारं एक वूकॉमर्स दुकान. बाकी बहुतेक साधं वर्डप्रेस. सगळं सध्या सीपॅनल या कंट्रोल पॅनलच्या (साइट्स आणि मेल ब्राउझरमधून सांभाळायचं साधन) रिसेलर खात्यावर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरच्या घाऊक जागेवर आहे. एकूण डेटा २१ जीबी, मेलबॉक्स ११० च्या आसपास.

स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) घ्यायचा आहे. ४ जीबी रॅम, २ कोअर, ८० जीबी डिस्क, मुंबईतलं डेटासेंटर, एवढं बजेटमध्ये बसतं. सीपॅनल, प्लेस्क, डायरेक्टॲडमिन, व्हर्च्युअलमिन, हेस्टिया, क्लाउडपॅनल, सायबरपॅनल अशी नावं वाचली. लिनक्समध्ये एसएसएचनं (दूरच्या सर्व्हरवर कमांड चालवायची जोडणी) आत जाणं, फाइल हलवणं आणि नॅनो या संपादकात एखादी ओळ बदलणं इतकंच येतं. एवढ्या शिदोरीवर निघावं का? आणि कोणतं पॅनल घेऊन?

तळटीप

पॅनलचं नाव ठरवण्याआधी त्या ११० मेलबॉक्सचं काय करायचं ते ठरवा. ते ठरलं की यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात.

सर्व्हरवर साइट बंद पडली तर दिसते. मेल बिघडली तर दिसत नाही. पतसंस्थेचे व्यवस्थापक चार दिवसांनी फोन करतात की आमचं पत्र समोरच्याला पोचलंच नाही. स्वतः मेल चालवायची तर पुढचं सगळं कायम बरोबर असावं लागतं.

व्हीपीएसच्या आयपीला पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) हवा. तो डोमेनच्या झोनमध्ये (डीएनएस, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधायच्या यंत्रणेतल्या त्या डोमेनच्या नोंदींत) लिहून चालत नाही, व्हीपीएस देणाऱ्याच्या खात्यातून लावावा लागतो. सर्व्हरचं होस्टनेम त्याच्याशी जुळायला हवं, आणि ते होस्ट केलेल्या कुठल्याही ग्राहकाचं मुख्य डोमेन असता कामा नये. प्रत्येक डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरोखर त्याच डोमेनची आहे हे पटवणाऱ्या डीएनएस नोंदी, लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू हे काटेकोरपणे तपासतात. दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे आहेत. स्थलांतरात नेहमीची चूक म्हणजे जुन्या होस्टचा एसपीएफ तसाच ठेवून खाली दुसरा टाकणं. एका डोमेनला दोन एसपीएफ रेकॉर्ड असले की तपासणी कायमची नापास होते. एकाच ओळीत सगळं बसवा, आणि त्या ओळीतून होणाऱ्या डीएनएस चौकश्या १० च्या आत ठेवा.

त्याहून आधीचा अडथळा पोर्ट २५ चा, म्हणजे सर्व्हर ज्या दारानं एकमेकांना मेल देतात त्याचा आहे. बऱ्याच क्लाउड कंपन्या बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद ठेवतात. गूगल क्लाउडवर ते उघडूनच मिळत नाही, इतर काही ठिकाणी अर्ज केल्यावर मिळतं. व्हीपीएस विकत घेण्याआधी हे लेखी विचारा.

मेल गूगल वर्कस्पेस, झोहो किंवा तत्सम सेवेवर हलवा आणि सर्व्हरवर फक्त वेब ठेवा, असा माझा स्पष्ट सल्ला. ११० पैकी खरोखर वापरातले किती हे मोजलंत तर आकडा बराच खाली येईल.

रात्रपाळी

तळटीप यांच्याशी सहमत. त्यात मेमरीचा हिशेब जोडतो, कारण ४ जीबीत सगळं बसेल का हे याच हिशेबावर ठरतं.

ऑपरेटिंग सिस्टिम आणि पॅनल मिळून साधारण ५०० एमबी धरा. मारियाडीबी या डेटाबेसला बफर पूल (त्याची मेमरीतली साठवण) ५१२ एमबी दिला तर एकूण ९०० एमबीपर्यंत जातो. एक्झिम आणि डव्हकॉट या मेल सेवांना दीड-दोनशे. स्पॅम गाळणाऱ्या स्पॅमअसॅसिनला अडीचशेच्या घरात. क्लॅमएव्ही मात्र व्हायरसच्या खुणांची यादी पूर्ण मेमरीत घेतो, त्यामुळे तो एकटाच एक जीबीच्या वर जातो. यादी ताजी होते तेव्हा नवी आणि जुनी काही क्षण शेजारी-शेजारी असतात, म्हणून आणखी वाढतो. एवढं झाल्यावर पीएचपीला (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) जेमतेम एक जीबी उरतं. वर्डप्रेसची एक पीएचपी प्रोसेस सरासरी ६० एमबी धरली तर १६-१७ प्रोसेस. मेल बाहेर काढली की हाच आकडा ४० च्या जवळ जातो.

आता पॅनलचं बघा. जवळपास प्रत्येक पॅनल दर साइटला स्वतंत्र पीएचपी-एफपीएम पूल (पीएचपी प्रोसेसचा गट) बनवतं. ते चांगलंच आहे, कारण प्रत्येक साइट आपापल्या युजरखाली चालते. पण समजा एका पूलला कमाल ८ प्रोसेसची मुभा आहे. ३५ गुणिले ८ म्हणजे २८०, गुणिले ६० एमबी म्हणजे १६ जीबीहून जास्त. रोज असं होत नाही. शाळेच्या निकालाच्या दिवशी किंवा एखादा बॉट सगळ्या साइट्सच्या लॉगिन पानांवर तुटून पडला की होतं. मग लिनक्सचा कर्नल सर्वांत जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारतो, आणि ती बहुतेक वेळा मारियाडीबी असते. ग्राहकाला डेटाबेसशी जोडणी होत नसल्याचा संदेश दिसतो आणि तुम्ही पासवर्ड तपासत बसता. खरं कारण डीमेसेजच्या (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) नोंदीत ‘आउट ऑफ मेमरी’ अशा शब्दांत लिहिलेलं असतं.

उपाय असा: लहान साइट्सचे पूल ‘ऑनडिमांड’ (गरज पडली तरच प्रोसेस सुरू) पद्धतीवर ठेवा, कमाल ३ किंवा ४ प्रोसेस, रिकामी प्रोसेस १० सेकंदांनी बंद. वूकॉमर्सला ८ ते १० द्या, तिची प्रोसेस १०० एमबीच्या पुढे जाऊ शकते. २ जीबी स्वॅप (रॅम भरल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) ठेवा, पण ती फक्त धक्का सोसायला. स्वॅप रोज भरत असेल तर रॅम कमी पडते आहे हे मान्य करा.

वर्डप्रेसचं अंतर्गत क्रॉन (ठरल्या वेळी कामं सुरू करणारं वेळापत्रक) सगळ्या साइट्सवर बंद करून सिस्टिमच्या क्रॉनमध्ये टाका आणि मिनिटं विखरा. पस्तीसही कामं शून्याव्या मिनिटाला सुटली तर दर तासाला सर्व्हर दोन मिनिटं गुदमरतो.

उंबरठा

पॅनलबद्दल थेट लिहिते.

सीपॅनलने जून २०१९ मध्ये सर्व्हरमागे एक दर सोडून खात्यांच्या संख्येवर भाडे लावले. पायऱ्या आहेत: १, ५, ३०, पुढे १०० आणि त्यानंतर दर खात्यामागे जादा. ३५ खाती म्हणजे तुम्ही ३० ची पायरी नेमकी ओलांडता. प्लेस्कचेही तेच: वेब प्रो आवृत्ती ३० डोमेनपर्यंत, त्यापुढे वेब होस्ट. खर्च वाचवायला लोक दहा साइट्स एकाच खात्यात ‘ॲडऑन डोमेन’ म्हणून कोंबतात. कृपया हे करू नका. एका खात्यातल्या सगळ्या साइट्स एकाच लिनक्स युजरच्या असतात. शाळेच्या साइटवरच्या जुन्या प्लगइनमधून घुसलेली फाइल शेजारच्या पतसंस्थेच्या फोल्डरमध्ये लिहू शकते, आणि साफ केल्यावर तिथूनच परत येते.

डायरेक्टॲडमिनच्या स्टँडर्ड परवान्यावर खात्यांची मर्यादा नाही आणि सीपॅनलचा बॅकअप तो वाचतो. पैसे भरून घ्यायचे असेल तर तुमच्या आकाराला तोच बसतो. परवाना डॉलरमध्ये असतो हे लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. परदेशी विक्रेत्याकडे मँडेट नोंदलेले नसेल तर दरमहा रक्कम आपोआप कापली जात नाही आणि परवाना संपतो. व्हीपीएस देणाऱ्या भारतीय कंपनीकडून रुपयांत, जीएसटीच्या बिलासह घेता आला तर तसा घ्या.

मोफत पॅनलपैकी क्लाउडपॅनल हलके आहे, पण त्यात मेल नाही आणि डीएनएस सर्व्हरही नाही. ते फक्त एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर चालते, म्हणून तुमच्या साइट्समधल्या ‘डॉट एचटीॲक्सेस’ फाइल्स (अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरसाठीचे नियम) निरुपयोगी होतात. साइट उघडते, त्यामुळे हे ध्यानात येत नाही. मात्र सुरक्षा प्लगइनने अपलोड फोल्डरमध्ये पीएचपी चालू नये म्हणून लिहिलेला नियमही त्याच फाइलमध्ये होता, तो गेला. प्रत्येक साइटची ती फाइल उघडून नियम एनजिनएक्सच्या भाषेत लिहिता येत असतील तरच हा मार्ग धरा.

हेस्टियात पुढे एनजिनएक्स आणि मागे अपाचे अशी जोडी ठेवता येते, म्हणजे त्या फाइल्स चालू राहतात. बसवतानाच एक्झिम, डव्हकॉट, क्लॅमएव्ही वगळता येतात. ३५ वर्डप्रेस साइट्स आणि मेल बाहेर, अशा मांडणीला मी हेस्टिया सुचवते. व्हर्च्युअलमिन ताकदवान आणि जुना आहे. पण त्याखालच्या वेबमिनमध्ये इतक्या सेटिंग्ज उघड्या असतात की नवख्याचा हात नको तिथे जातो.

शेवटचा मुद्दा सुरक्षेचा. पॅनल रूटच्या (सर्वाधिकारी युजरच्या) अधिकाराने काम करते, म्हणून त्यातले एक भोक म्हणजे पस्तीसही साइट्स. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनलच्या २.३.६ आणि २.३.७ आवृत्त्यांमध्ये लॉगिनशिवाय कमांड चालवता येण्याची त्रुटी उघड झाली आणि हजारो सर्व्हरवरच्या फाइल्स पीएसएयूएक्स नावाच्या रॅन्समवेअरने कुलूपबंद केल्या. २०१८ मध्ये व्हेस्टा या पॅनलमधल्या त्रुटीतूनही असेच सर्व्हर फोडले गेले होते. हेस्टिया ही त्याच व्हेस्टाची पुढे वेगळी झालेली शाखा. म्हणून पॅनल कोणतेही असो, त्याचे पोर्ट जगाला उघडे ठेवू नका. हेस्टियाचे ८०८३, डायरेक्टॲडमिनचे २२२२, सीपॅनलच्या डब्ल्यूएचएमचे २०८७. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत असेल तर वायरगार्ड (सर्व्हरपर्यंतचा खाजगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन) बसवा आणि फायरवॉलमध्ये पॅनलचे पोर्ट फक्त त्या बोगद्यातून खुले ठेवा.

नदीकाठ

खूप आभार. मेलबॉक्स मोजले: गेल्या सहा महिन्यांत उघडलेले फक्त ४१. ते बाहेरच्या सेवेवर नेतो. हेस्टिया, डेबियन १२, मेलचे भाग वगळून, असं ठरवतोय.

दोन गोष्टी राहिल्या. शिकायचं नेमकं काय, कोणत्या क्रमानं? आणि स्थलांतरात मराठी मजकूर बिघडतो असं ऐकलं, ते कशामुळे?

तळटीप

आधी एक खड्डा दाखवतो, कारण तुमच्या मांडणीत तो नक्की लागेल. मेल बाहेर नेल्यावरही सर्व्हरवर त्या डोमेनचं मेल-खातं नोंदलेलं राहिलं, तर साइटच्या संपर्क फॉर्मची मेल बाहेर जातच नाही. सर्व्हरला वाटतं की हे डोमेन आपलंच, आणि तो ती स्वतःच्या डिस्कवर ठेवतो. सीपॅनलमध्ये यासाठी मेल राउटिंग ‘रिमोट’ करावं लागतं. हेस्टियात मेल वगळलीत तर प्रश्न मिटला, मात्र फॉर्मच्या मेलसाठी प्रत्येक साइटवर एसएमटीपी प्लगइन (मेल बाहेरच्या सेवेतून पाठवणारं) लावून पोर्ट ५८७ वरून पाठवा. ५८७ सुद्धा काही कंपन्या अडवतात, तेही पोर्ट २५ सोबतच विचारून घ्या.

आता शिकणं. पॅनलचं पानच उघडत नाही अशा वेळी एसएसएचमधून काय करता येतं, त्यावर तयारी ठरते. एक लहान व्हीपीएस महिनाभरासाठी घ्या, टाकाऊ डोमेन जोडा, हेस्टिया बसवा आणि मुद्दाम मोडा.

सुरुवात डीएनएसनं. ए (आयपीव्ही४ पत्ता), एएएए (आयपीव्ही६ पत्ता), सीनेम (पर्यायी नाव), एमएक्स (मेल सर्व्हर) आणि टीएक्सटी (मजकूर) रेकॉर्ड ‘डिग’ कमांडनं वाचता आले पाहिजेत, तेही थेट त्या डोमेनच्या नेमसर्व्हरला विचारून. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत एचटीटीपीएस प्रमाणपत्र न मिळण्याची बहुतेक कारणं इथेच असतात. ए रेकॉर्ड नव्या सर्व्हरवर आणि एएएए विसरून जुन्यावर राहिला तर तपासणी आयपीव्ही६ नं जुन्या सर्व्हरकडे जाते आणि फसते. पोर्ट ८० बंद ठेवलं तरी फसते. पुन्हा पुन्हा बटण दाबू नका: एका नावासाठी तासाला ५ फसलेल्या तपासण्या झाल्या की थांबावं लागतं. प्रमाणपत्र संपत आल्याची मेल लेट्स एन्क्रिप्टनं जून २०२५ पासून बंद केली, तेव्हा तारखा तपासणारी निगराणी तुम्हालाच लावावी लागेल.

मग सेवा आणि नोंदी. ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’नं काय चालू आहे ते बघणं, ‘जर्नलसीटीएल’ आणि व्हार-लॉगमधल्या फाइल्स ‘टेल’नं वाचणं. सराव म्हणून एनजिनएक्सच्या फाइलमधला एक अर्धविराम काढा, सेवा पुन्हा सुरू करा, पडू द्या, आणि ‘एनजिनएक्स -टी’नं नेमकी ओळ शोधा.

डिस्क आणि मेमरी. ‘डीएफ -एच’ जागा दाखवतं, ‘डीएफ -आय’ आयनोड, म्हणजे अजून किती फाइल्स बनवता येतील ती संख्या. जागा शिल्लक असून फाइल लिहिता येत नसेल तर आयनोड संपलेत, बहुधा कॅशच्या लाखो छोट्या फाइल्समुळे. ‘फ्री’ कमांडमध्ये ‘फ्री’ रकान्याकडे बघून घाबरू नका, ‘अव्हेलेबल’ रकाना बघा.

मालकी आणि परवानग्या: फोल्डर ७५५, फाइल ६४४, डब्ल्यूपी-कॉन्फिग ६४०, मालक त्या साइटचाच युजर. रूट म्हणून फाइल कॉपी केली आणि मालक बदलायला विसरलात, तर वर्डप्रेस अपडेटसाठी एफटीपीचा पासवर्ड मागू लागतं. लोक मग ७७७ देऊन मोकळे होतात. तसं करू नका, मालक दुरुस्त करा.

पॅनल असलेल्या सर्व्हरवरची खास शिस्त अशी की पॅनलनं बनवलेली कॉन्फिग फाइल हातानं बदलायची नाही. आज बदल चालतो. पुढच्या अपडेटला किंवा साइटची पुनर्बांधणी झाली की पॅनल ती फाइल नव्यानं लिहितं आणि बदल पुसला जातो. हेस्टियात स्वतःची टेम्प्लेट बनवून साइटला लावायची. हे पहिल्याच आठवड्यात शिका.

रोज तासभर दिलात तर या सगळ्याला सहा ते आठ आठवडे लागतात. मध्ये घाई करून ग्राहक हलवू नका.

पाटपाणी

मराठी मजकुराचं सांगतो. बिघाड दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींचे उपाय वेगळे.

पहिला: पानावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि चित्रविचित्र चिन्हांची रांग दिसते. जुन्या वर्डप्रेसमध्ये टेबलं लॅटिन१ (फक्त रोमन लिपीची जुनी अक्षरसंहिता) म्हणून नोंदलेली असायची, पण आत बाइट्स यूटीएफ-८ या सगळ्या लिपींच्या संहितेचे. डंप (डेटाबेसची प्रत) घेताना मायएसक्यूएल त्यांना लॅटिन समजून पुन्हा यूटीएफ-८ मध्ये बदलतं, म्हणजे दुहेरी रूपांतर होतं. उपाय: डंप घेतानाच कॅरेक्टर सेट लॅटिन१ सांगा आणि डंपमध्ये ‘सेट नेम्स’ची ओळ येऊ देऊ नका, मग डंपमधल्या टेबलांच्या व्याख्येत लॅटिन१ च्या जागी यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८) करा आणि त्याच सेटनं आयात करा. असं केलं की बाइट्सना कोणी हात लावत नाही.

दुसरा: मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. इथे अक्षरं खरोखर हरवली आहेत. तो डेटाबेस दुरुस्त होत नाही, मूळ सर्व्हरवरून डंप पुन्हा घ्यावा लागतो. म्हणून जुनं रिसेलर खातं किमान एक महिना चालू ठेवा.

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, त्यामुळे जुन्या तीन-बाइटी ‘यूटीएफ८’मध्येही मराठी बसतं. इमोजीला ४ लागतात. तुमची साप्ताहिकं इमोजी वापरत असतील, तर यूटीएफ८एमबी४ हवंच. रूपांतर करताना जुन्या प्लगइनच्या टेबलांवर इंडेक्सची लांबी ७६७ बाइटपेक्षा जास्त झाल्याची तक्रार येऊ शकते. टेबलाचा रो-फॉरमॅट ‘डायनॅमिक’ करा किंवा इंडेक्स १९१ अक्षरांचा करा.

हलवण्याचा क्रम असा. आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ लक्षात ठेवली जाते तो काळ) ३०० सेकंद करा. फाइल्स आरसिंकनं (दोन सर्व्हरवरच्या फाइल्स जुळवणारी कमांड) आणा, डेटाबेस आणा, आणि स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी लिहून साइट तपासा. त्यात मराठी शीर्षकाचा एक दुवा, शोध, फॉर्म आणि मराठी नावाची एक अपलोड केलेली फाइल नक्की उघडा. विंडोजवर झिप करून नेलं की देवनागरी फाइलनावं अनेकदा मोडतात, म्हणून टार किंवा आरसिंकच वापरा. सगळं ठीक असेल तर जुन्या साइटवर मेंटेनन्स लावा, आरसिंक आणि डंप पुन्हा एकदा घ्या, मग ए आणि एएएए दोन्ही बदला. दुकान सर्वांत शेवटी हलवा, पहाटे, आणि शेवटच्या डंपनंतर जुन्या सर्व्हरवर एकही ऑर्डर पडली नाही ना ते बघा.

डोमेनचं डीएनएस जुन्या रिसेलरच्याच नेमसर्व्हरवर असेल तर ते आधी बाहेर काढा. खातं बंद झालं की झोनही जातो, आणि त्यासोबत तुमचे नवे एमएक्स रेकॉर्डसुद्धा.

रात्रपाळी

बॅकअपचा हिशेब कोणी मांडला नाही, तो मांडतो. २१ जीबी साइट्स. पॅनलचा रात्रीचा बॅकअप त्याच डिस्कवर, तीन दिवसांच्या प्रती: २१ गुणिले ३ म्हणजे ६३. फोटो आधीच दाबलेले असतात, त्यामुळे झिप केल्यानं फारसं घटत नाही. ६३ अधिक मूळ २१ म्हणजे ८४, आणि डिस्क ८० ची. तिसऱ्या रात्री डिस्क भरते, मारियाडीबीला लिहायला जागा राहत नाही आणि सगळ्या साइट्स एकदम पडतात. बॅकअपमुळेच.

त्याच डिस्कवर एकच प्रत ठेवा. बाकी दुसऱ्या कंपनीच्या साठवणुकीवर, रेस्टिकसारख्या साधनानं, जे फक्त बदललेला भाग पाठवतं. त्या साठवणुकीची किल्ली सर्व्हरवर असेल तर ती फक्त भर घालू शकणारी हवी, खोडू शकणारी नको. नाहीतर सर्व्हरात घुसलेला बॅकअपही पुसतो. रेस्टिकचा पासवर्ड सर्व्हरबाहेर लिहून ठेवा, तो हरवला तर प्रती उघडत नाहीत.

आणि पहिला ग्राहक हलवण्याआधी त्या सरावाच्या व्हीपीएसवर एक साइट बॅकअपमधून पूर्ण उभी करा, घड्याळ लावून. एका साइटला २० मिनिटं लागली तर पस्तीसांना बारा तास होतात. पतसंस्थेला ‘किती वेळात चालू होईल’ याचं उत्तर त्या आकड्यावरून द्या, आणि बंद पडलेल्या साइट्स परत उभ्या करायचा क्रम आधीच लिहून ठेवा: दुकान आधी, मग पतसंस्था, मग बाकीचे.